घरीच असते

महिन्याची ११ तारीख उजाडली की मला पहाटेच जाग येते. जीएसटीचा आर-वन, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा तपशील, भरायची ती शेवटची तारीख. तशीच २० तारीख, थ्री-बीची, म्हणजे कर भरायच्या विवरणाची. नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानात मी साडेअकरा वर्षं हिशेब लिहिले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि पुढे या दोन तारखांनी माझा महिना बांधून टाकला. संध्याकाळी पोर्टल अडकतं म्हणून मी सकाळीच बसायची. शटर अर्धं वर असायचं, बाहेर हमालांची पोती उतरत असायची आणि तिखटाच्या खाटाने नाक चुरचुरत असायचं. आता माझ्याकडे भरायला कुणाचाच आर-वन नाही. तरी ११ तारखेला जाग येते आणि पंख्याकडे बघत मी आठवत राहते, कोणत्या पार्टीची बिलं यायची राहिली.

सव्वादोन वर्षं झाली याला.

जून २०२३ च्या शेवटी मालकांनी दुकान आवरलं. वय झालं होतं, मुलाला या धंद्यात यायचं नव्हतं. माणसं वाईट नव्हती. दोन महिन्यांचा पगार वरचा दिला, साडी दिली. "ताई, तुमच्या हाताखाली एक रुपयाचा फरक निघाला नाही, तुम्हाला कोण नाही म्हणेल?" असं म्हणाले. मला ते खरं वाटलं. घरी येताना मी मुलीसाठी संत्रा बर्फी घेतली होती, एवढं खरं वाटलं.

आम्ही दुकानात सात जण होतो. हिशेब लिहिणाऱ्या बाईला या सातचा अर्थ आधीच कळायला हवा होता. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा माणसांपासून लागतो, भविष्य निर्वाह निधीचा वीसपासून. सात माणसांच्या दुकानाला यातलं काहीच लागत नाही. म्हणजे कायद्याने कुणाचं काही चुकलं नाही आणि माझ्या हातात साडेअकरा वर्षांचं काही आलंही नाही. इतवारी, गांधीबाग, सक्करदरा, कुठेही उभं राहून बघा. चार माणसांचं दुकान, पाच माणसांचं गोदाम. अर्धं नागपूर याच आकड्यांत कामाला आहे.

माझ्या पगारातून एकच कपात व्हायची, प्रोफेशनल टॅक्सची. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५०० रुपये. मीच कापायची, मीच चलान भरायची. एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ झाला, तोवर माझाही कापला गेला. १९७५ साली हा कर आला तोच मुळात रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदारांनी थोडं द्यायचं, गावात मागेल त्याला काम मिळायचं. त्या २०० रुपयांचा मला कधी राग आला नाही. माझं माहेर काटोलकडचं. माझ्या आईने रोहयोच्या कामावर माती उचलली आहे, गिट्टी फोडली आहे, आणि त्या पैशांतून माझ्या शाळेच्या वह्या आल्या आहेत. गावात काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यावं लागतं, नाही तर भत्ता द्यावा लागतो, हे आईला तोंडपाठ होतं. शहरात मी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं. नोंदणी झाल्याचा मेसेज आला. तिथे पंधरा दिवसांची अट कुणावरच नाही.

पहिले तीन महिने मी रोज नीट तयार होऊन बाहेर पडत होते. धंतोली, रामदासपेठेतली सीएंची ऑफिसं पायी पालथी घातली. वाडीची गोदामं केली. जिथे तिथे एकच फॉर्म, त्यात वयाचा रकाना, त्यात ४१. अनुभवाचा दाखला मी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला होता. पण त्यावरचा लँडलाइन दुकानाबरोबरच बंद झाला. एका ठिकाणी समोरच्या बाईंनी माझ्यादेखत तो नंबर फिरवला, स्पीकर सुरू होता. "या क्रमांकाची सेवा उपलब्ध नाही." त्यांनी दाखला परत पाकिटात घातला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. मी मालकांचा मोबाइल नंबर सांगत होते, पण त्या पुढच्या मुलीला आत बोलवत होत्या.

नोंदणी फी म्हणून दीड हजार मागणारे फोनही याच काळात आले. एकदा मी ते भरले. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहावंसं वाटत नाही.

मे २०२४ मधली एक मुलाखत मात्र नीट सांगायला हवी. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याला स्टोअरचा हिशेब बघणारं माणूस पाहिजे होतं. वेळ दुपारी दोनची, मेअखेरचा रणरणता नवतपा सुरू. टेलिफोन एक्सचेंजहून मेट्रोत बसले की सरळ लोकमान्य नगरला उतरता येतं, तिथून पुढे शेअर ऑटो. डोक्याला दुपट्टा घट्ट बांधलेला, पर्समध्ये कांदा, पाण्याची बाटली हातात. ऑटोतून उतरून गेटपर्यंतच्या शंभर पावलांत डांबर चपलेला धरत होतं. आत एका कूलरसमोर आम्ही नऊ जण बसलो होतो. मी सोडून बाकी सगळे तिशीच्या आतले. त्या मुलांनी मला कूलरच्या अगदी समोरची खुर्ची दिली. "काकू, तुम्ही बसा इथे." किती चांगली मुलं. पण त्या 'काकू'ने माझ्या पोटात खड्डा पडला.

मुलाखत घेणारा तरुण नम्र होता. टॅली प्राइमवर त्याने दोन नोंदी करून घेतल्या, स्टॉकचा ताळा विचारला. सगळं बरोबर आलं. मग त्याने माझा कागद पुन्हा वरून खाली पाहिला.

"मॅडम, इथे अकरा महिन्यांचा गॅप दिसून राहिला."

"हो."

"घरीच होता?"

मी म्हणाले, "हो."

त्या 'हो'ने मला पुढे कितीतरी रात्री झोपू दिलं नाही. उन्हातून परत येताना मेट्रोच्या खिडकीत मला माझाच चेहरा दिसत होता आणि मी मनातल्या मनात त्याला उत्तर देत होते. घरी नव्हते रे बाबा. अकरा महिन्यांत मी ६३ ठिकाणी अर्ज केले, एका वहीत तारखेसकट मांडले आहेत, ये, दाखवते. मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचे बदललेले नियम मुलीच्या मोबाइलवर बसून शिकले. आमच्या गल्लीतल्या दोन पोरांना अकरावीचं अकाउंट्स शिकवलं, त्यातला एक पास झाला. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मेडिकलच्या रांगेत मीच उभी होते, कारण घरात दिवसाची वेळ असलेली मी एकटीच होते. नवरा गांधीबागेत औषधांच्या होलसेल दुकानात आहे. त्याच्या एकट्याच्या पगारात घर चालवायचं तर भाजी कुठून, गॅस किती दिवस, कुणाचे किती द्यायचे, याची खतावणी रोज लिहावी लागते. ती मी लिहिली. हे सगळं त्या तरुणाला सांगायचं होतं. त्याने विचारलं होतं, आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले.

मुलगी बी.कॉम.ला आहे. तिने एकदा वाचून दाखवलं की अमेरिकेत तीन अर्थतज्ज्ञांनी शंभर शहरांत नोकऱ्यांसाठी हजारो बनावट अर्ज पाठवले होते. माणूस तोच, शिक्षण तेच, फक्त किती महिने काम नाही तेवढं बदललेलं. पहिल्या आठ महिन्यांत, जसजसा गॅप वाढत गेला तसतशी बोलावणी कमी होत गेली. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तिला वाटलं मला बरं वाटेल, की बघ आई, तुझं काही चुकत नाही. मला त्या दिवशी बरं नाही वाटलं. मी उठून वहीत मोजलं, आठवा महिना कधी संपला ते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. पुरुषाची नोकरी गेली की सगळे विचारतात, लागलं का कुठे? तो प्रश्न माणसाला छळतो, मला माहीत आहे. माझ्या मावसभावाने त्या प्रश्नापायी लग्नकार्यात जाणं सोडलं. पण मला तो प्रश्न पहिल्या दिवाळीनंतर कुणी विचारलाच नाही. शेजारणी म्हणाल्या, "बरं झालं वहिनी, आता घराकडे लक्ष देता येते." नणंद म्हणाली, "दगदग वाचली." माझं काम गेलं हेच हळूहळू सगळ्यांच्या नजरेआड झालं. जणू मी साडेअकरा वर्षं कुठे फिरायला गेले होते आणि आता परत आले.

गेल्या जूनमधली गोष्ट. दारावर एक मुलगा आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा सर्व्हे, आमचं घर निवडलं गेलेलं. बैठकीत सासरे बसले होते. मी आतल्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीसाठी कागदांच्या झेरॉक्स लावत होते. घरात माणसं किती, वय किती, शिक्षण किती. सासरे सांगत होते. नवऱ्याचं झालं, मुलीचं झालं.

"काकाजी, सूनबाई काय करतात?"

"ती घरीच असते."

त्या क्षणी माझ्या हातात अनुभवाचा दाखला होता. तोच, बंद पडलेल्या नंबरचा. तो तसाच हातात घेऊन मी बाहेर आले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "थांबा भाऊ. तसं नका लिहू. मी काम शोधून राहिली आहे."

सासरे माझ्याकडे बघतच राहिले. त्या मुलाने शांतपणे विचारलं, "मागच्या सात दिवसांत कामासाठी काही प्रयत्न केला, ताई?" मी सांगितलं. तीन ठिकाणी अर्ज, एक फोन, उद्याची मुलाखत. "या सात दिवसांत एक तासही कुठलं काम केलं? पैशाचं?" नाही. त्याने टॅबवर बोट फिरवलं. मी विचारलं, काय लिहिलं? तो म्हणाला, कामाच्या शोधात. आणि मी बाहेर आले नसते तर? तर घरकाम, म्हणाला. म्हणजे श्रमबळाच्या बाहेर.

"मग बेरोजगारांच्या आकड्यात मी आलेच नसते?"

"नाही, ताई. त्यात यायला शोधात किंवा कामाला तयार असावं लागते."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. हात थरथरत होते. बेरोजगार म्हणून लिहिलं जाण्यासाठी मी भांडले होते, आणि मला बरं वाटत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला मी जे रोज करते ते करणारी म्हणून लिहून घेतलं होतं.

सासरे त्या संध्याकाळी जेवताना काही बोलले नाहीत. रात्री अंगणात खाट टाकून पडले होते, मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तर म्हणाले, "बस जरा." मग मिलचं बोलायला लागले. ते एम्प्रेस मिलमध्ये होते, विणकाम खात्यात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली मिल, आता तिच्या जागी एम्प्रेस सिटी मॉल उभा आहे. कायम व्हायच्या आधी सासऱ्यांनी बरीच वर्षं बदलीवर काढली. रोज पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी घेणार. जॉबर येऊन बोटाने दाखवायचा, तू, तू आणि तू. उरलेले परत. दुपारच्या पाळीला पुन्हा उभं राहायचं.

"आठ-आठ दिवस हात हलवत परत येत होतो मी," सासरे म्हणाले. "पण मोहल्ल्यात मले कोणी रिकामा नाही म्हटलं. बदलीवाला म्हणत. तुझी सासू दारातच विचारे, लागली का आज?"

थोडा वेळ थांबून म्हणाले, "तुले तर कोणी विचारतच नाही."

मी त्या शब्दावर फार विचार केला आहे. बदलीवाला. रोज गेटवर जातो, उभा राहतो, परत येतो, त्याच्यासाठी एक शब्द होता. त्या शब्दात हिणवणं नव्हतं. काम करणाऱ्यांच्याच रांगेत त्याची जागा होती, थोडी मागे. माझ्यासाठी असा शब्द कुणाकडे नाही. मुलाखतीत मी 'गॅप' असते आणि गल्लीत 'घरीच' असते. डिसेंबरात अधिवेशन भरलं की टेकडी रोडला मोर्चे अडवतात. त्यात फलक धरून बसलेली मुलं-मुली मी दरवर्षी बघते, गडचिरोलीपासून आलेली. तीन-चार दिवस त्यांना 'बेरोजगार युवक' म्हणतात. अधिवेशन संपलं, रस्ता मोकळा झाला, की ती आपापल्या घरी 'घरीच' असतात.

तो सर्व्हेवाला मुलगा जुलैत परत आला. एका घरी लागोपाठ चार महिने यायचं असतं त्यांना. या वेळी मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर सासरेच त्याला सांगत होते, बोट टॅबकडे दाखवत, "लिहा, शोधात आहे. कालच वाडीले जाऊन आली. गोदामवाल्यानं सोमवारी सांगतो म्हटलं." सोमवारी त्याने काही सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी.

ऑगस्टात तो आला त्या आठवड्यात मी एक काम केलं होतं. ओळखीच्या साडीच्या दुकानातला मुलगा गावी गेला होता, त्यांची थ्री-बी अडकली होती. बुधवारी दोन तास बसून मी ती भरली. चारशे रुपये मिळाले. मी ते सांगितलं, खोटं कशाला बोलू. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "मग या आठवड्याला तुम्ही कामावर धरल्या जाता, ताई. सात दिवसांत एक तास जरी केला तरी." नियमच आहे तसा. मी नियमांची माणूस आहे, मला नियम कळतो. कुठेतरी रेघ ओढावी लागते, एक तासावर ओढली. पण हिंगण्यात दाखवला तसल्या कागदावर तेच दोन तास शून्य आहेत. एकीकडे दोन तासांनी मी कामावर आले, दुसरीकडे दोन वर्षांत काहीच केलं नाही. हे दोन्ही ताळेबंद समोर ठेवून मी कितीदा जुळवायचा प्रयत्न केला. साडेअकरा वर्षांत जुळला नाही असा एकही ताळेबंद मी मालकांसमोर नेला नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा गावाबाहेर न्यायच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघाली, तान्ह्या पोळ्याला. मी आणि मुलगी दरवर्षीसारख्या जगनाथ बुधवारीच्या तोंडाशी उभ्या होतो. काळी गेली, पिवळी गेली, मागून बडगे, गुलाल, ढोल, चेंगराचेंगरी. पोरं ओरडत होती, "महागाई घेऊन जा गे मारबत! बेरोजगारी घेऊन जा गे मारबत!" इतकी वर्षं मी ते ऐकत आले, हसत आले. यंदा मीही ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. मुलीने माझा हात धरून ठेवला होता, तो तिने सोडला नाही.

सप्टेंबरात तो मुलगा चौथ्यांदा आला. पाऊस होता, टॅब प्लास्टिकच्या पिशवीत. चहा घेतला, प्रश्न विचारले. सात दिवसांत प्रयत्न? केले. एक तास काम? नाही. शोधात? हो, शोधात. जाताना म्हणाला, "आता या घरचं संपलं, ताई. आता येणं नाही." मला काय वाटलं ते मी त्याला सांगू शकले नाही. इतक्या दिवसांत दर महिन्याला न चुकता मला हे विचारणारा तो एकटाच होता.

परवा ऑक्टोबरची ११ तारीख. पहाटे जाग आली. मी उठून चहा ठेवला. सासरे आधीच बैठकीत येऊन बसले होते, खुर्ची दाराकडे वळवून. कप हातात घेतला आणि म्हणाले, "तो पोरगा आता नाही येत ना?"

"नाही, बाबा."

त्यांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली, एक घोट घेतला.

"मग सांग. सात दिवसांत कुठं कुठं जाऊन आली?"

मी खाली बसले आणि सांगायला लागले. सोमवारी रामदासपेठ, एका सीएकडे. बुधवारी वाडी, त्याच गोदामात, पुन्हा. शुक्रवारी एक फोन आला होता. आणि येत्या मंगळवारी बुटीबोरी, खापरीपर्यंत मेट्रोने जाईन, पुढे बस मिळते.